टाळ्यांच्या पलीकडची मेलानी

2009 सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. पॅरिसजवळच्या एका मशिदीतून एक तरुण स्त्री बाहेर पडत होती. डोक्यावर हिजाब, अंगात सैल कपडे, बरोबर नवरा. आपल्या मोहल्ल्यात अशा बायका दिवसभर येता-जाता दिसतात, कुणी मान वळवूनही पाहत नाही. पण या बाईचा फोटो कुणीतरी काढला आणि तो 'पॅरिस मॅच' या मोठ्या खपाच्या साप्ताहिकात छापून आला. बघता बघता सगळ्या फ्रान्समध्ये त्या एका फोटोवर चर्चा सुरू झाली. टीव्हीवर वाद झडले, वर्तमानपत्रांत लेख आले, सरकारमधल्या एका मंत्रीणबाईंनीही नापसंती दर्शवली. त्या बाईने मात्र तोंडातून अक्षर काढलं नाही. ती बोलली ती तब्बल तीन वर्षांनी.

तिचं नाव मेलानी जॉर्जियादेस. फ्रान्समधली तरुण पिढी तिला 'दियाम्स' या नावाने ओळखत होती. रॅप गाणारी दियाम्स. रॅप म्हणजे ठेक्यावर भराभर बोलत जाणारं गाणं. आपल्या घरातल्या मुलांना हे सांगायला नको, पण दादी-नानींसाठी सांगून ठेवते.

तिच्याविषयी उर्दू मासिकांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत अधूनमधून मजकूर येतो. 'फ्रान्सच्या मशहूर गायिकेने इस्लाम कबूल केला', बस्स, एवढंच. मला ही बातमी नेहमी अपुरी वाटत आली आहे. तिने कलमा पढला ही आपल्यासाठी आनंदाची बाब आहेच. पण प्रसिद्धीबद्दल आणि घराच्या दाराआडच्या आयुष्याबद्दल तिने स्वतः जे सांगितलं आहे, ते आज मोबाइल हातात असलेल्या प्रत्येक मुलीने आणि तिच्या अम्मीने ऐकावं असं आहे.

हिऱ्याचं नाव घेतलेली मुलगी

मेलानीचा जन्म 25 जुलै 1980 रोजी सायप्रस बेटावरच्या निकोसिया शहरात झाला. वडील सायप्रसचे, आई फ्रेंच. आई-वडील वेगळे झाले आणि आई लहानग्या मेलानीला घेऊन फ्रान्सला परतली. पॅरिसच्या दक्षिणेला एसोन नावाचा भाग आहे, तिथे ती वाढली. वडील आयुष्यातून जवळजवळ गायबच झाले. आई दिवसभर नोकरीवर. बापाची ती रिकामी खुर्ची पुढे तिच्या गाण्यांत पुन्हा पुन्हा डोकावत राहिली. पंधराव्या वर्षी तिने आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला होता, हेही तिने कधी लपवलं नाही.

पॅरिसभोवतालच्या वस्त्यांत अल्जीरिया, मोरोक्को, माली अशा देशांतून आलेल्या कुटुंबांची मुलं मोठ्या संख्येने आहेत. त्या गल्ल्यांत रॅप लोकप्रिय होतं आणि ते बहुतेक मुलगेच गात. त्यांत ही मुलगी शिरली. स्वतःला नाव हवं म्हणून तिने शब्दकोश उघडला. हिरा फक्त हिऱ्यानेच कापला जातो आणि तो निसर्गातल्या साध्या घटकांचाच बनलेला असतो, असं तिला तिथे वाचायला मिळालं. फ्रेंचमध्ये हिऱ्याला 'दियामाँ' म्हणतात. त्यावरून 'दियाम्स'.

पहिला अल्बम 1999 चा, तो फारसा चालला नाही. दुसरा 2003 मध्ये आला आणि नाव घराघरांत पोचलं. 2006 च्या 'दाँ मा ब्युल' या अल्बमने तर कळस गाठला. त्या वर्षी फ्रान्समध्ये सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच. या फ्रेंच नावाचा अर्थ 'माझ्या बुडबुड्यात' असा होतो. पंचविशीतली मुलगी सगळ्या देशासमोर उभी राहून आपल्या बुडबुड्याविषयी गाते आणि लाखो लोक तो बुडबुडा विकत घेतात!

तिच्या गाण्यांत राजकारणही होतं. फ्रान्समध्ये परदेशातून आलेल्यांचा तिरस्कार करणारं राजकारण जोर धरत होतं, तेव्हा त्या पक्षाच्या नेत्या मारीन ल पेन यांना उद्देशून तिने 2004 मध्ये एक गाणं केलं. गोऱ्या, काळ्या, अरब अशा सगळ्या रंगांचा फ्रान्स आपला आहे, असं सांगणारं गाणंही तिचं आहे. तेव्हा सुशिक्षित, पुढारलेला वर्ग तिचं कौतुक करत होता. बिनधास्त मुलगी, कुणाला न जुमानणारी मुलगी. हे कौतुक लक्षात असू द्या, कारण पुढे याच वर्गातल्या कितीतरी लोकांनी तोंड फिरवलं.

सभागृह रिकामं झाल्यावर

आता तिच्या बोलण्याकडे वळू. 2012 च्या सप्टेंबरमध्ये तिचं आत्मचरित्र आलं आणि त्याच सुमाराला 'टीएफ वन' या वाहिनीवर तिची मुलाखत झाली. हिजाब घालून ती कॅमेऱ्यासमोर बसली होती. तिच्या सांगण्याचा मथितार्थ असा : प्रसिद्ध माणसाला जे जे हवं असतं ते सगळं माझ्यापाशी होतं, आणि मी घरी एकटी बसून रडत असे. माझ्या चाहत्यांपैकी एकालाही ते कळायचा मार्ग नव्हता.

हे वाक्य मी आठवी-नववीच्या मुलींना सांगते तेव्हा त्या आधी विश्वास ठेवत नाहीत. "मॅडम, एवढे लोक आवडतात म्हणतात तरी रडायचं कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. मेलानीनेच त्याचं उत्तर दिलं आहे. लोक दियाम्सला ओळखत होते. मेलानीची चौकशी करणारं कुणी नव्हतं. मंचावर हजारो माणसं एका आवाजात तुमचं नाव घेतात, ते नाव तुम्ही शब्दकोशातून काढलेलं असतं. मग मंच संपतो, हॉटेलची खोली येते, आणि तिथे ते नाव काही कामाला येत नाही.

2007-08 च्या सुमाराला ती कोसळली. नैराश्याने घेरलं. मानसोपचाराच्या रुग्णालयात राहावं लागलं, विश्रांतिगृहांत राहावं लागलं, भरपूर औषधं घ्यावी लागली. देशातली सर्वांत जास्त खपाची गायिका एका बंद खोलीत गोळ्यांवर दिवस काढत होती.

इथे मी जरा थांबते. मेलानीची हकीकत आपल्याकडे सांगताना काही जण पुढचं वाक्य असं जोडतात की डॉक्टरांना जमलं नाही ते नमाजने केलं, म्हणून अशा आजाराला औषधाची गरजच नसते. हे बरोबर नाही. औषधांनी आपल्या आत्म्याची जखम भरली नाही, असं ती स्वतःच्या बाबतीत म्हणाली, आणि तिचा तो अनुभव आपण मानायलाच हवा. पण तिने उपचार घेतले होते. वाईट दिवसांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली होती. आपल्या घरात एखादी मुलगी झोपत नसेल, जेवत नसेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर तिच्यासाठी दुआही करा आणि तिला डॉक्टरकडेही न्या. रसूलुल्लाह सल्ल. यांनी इलाज करण्याची शिकवण दिली आहे, हे आपण तापाच्या वेळी आठवतो आणि मनाच्या आजाराला विसरतो. तेव्हा आपल्याला एकदम नजर लागणं आठवतं.

त्या दिवसांतला एक प्रसंग मेलानी सांगते. एक मैत्रीण घरी आली होती. वेळ झाली तशी ती म्हणाली, मी नमाज पढून येते. मेलानीच्या तोंडून निघून गेलं, मलाही पढायची आहे. ना कुणी दावत दिली होती, ना वादविवाद झाला होता. मैत्रीण मुसल्ल्यावर उभी राहिली, ही तिच्या शेजारी. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं तेव्हा पूर्वी कधी न अनुभवलेलं काहीतरी जाणवलं, असं ती म्हणते. त्यानंतर ती मॉरिशसला गेली आणि तिथे शांतपणे कुरआनचा अनुवाद वाचून काढला. 2008 मध्ये तिने इस्लाम स्वीकारला.

त्या मैत्रिणीचं मला फार कौतुक वाटतं. एवढी मोठी गायिका समोर बसलेली, तरी तिने नमाजची वेळ चुकवली नाही, आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. पाहुण्यांसमोर मुसल्ला अंथरायला संकोचणाऱ्या आपल्या कितीतरी मुली मला त्या वेळी आठवतात.

चार वर्षांचा रस्ता

आपल्या संदेशांत लिहिलेलं असतं : कलमा पढला आणि त्याच दिवशी संगीतावर लाथ मारली. असं काही झालं नाही. 2008 मध्ये इस्लाम, नोव्हेंबर 2009 मध्ये नवा अल्बम, आणि गाण्याला कायमचा रामराम 2012 मध्ये. मध्ये चार वर्षं गेली. त्या अल्बमचं नाव 'एस.ओ.एस.', म्हणजे बुडणाऱ्या जहाजाने मदतीसाठी दिलेली हाक. त्यातल्या एका गाण्यात यशाच्या शर्यतीतून बाहेर पडण्याची गोष्ट आहे. दुसऱ्या एका गाण्यात डोकं झाकणाऱ्या एका मुलीची कहाणी आहे, जिला तिच्याच देशात परकं व्हावं लागतं. फ्रान्समध्ये 2004 च्या कायद्याने सरकारी शाळांत मुलींना हिजाब घालून बसायला मनाई झाली होती, हे ध्यानात घेतलं की त्या गाण्याचं वजन कळतं.

माणूस असाच बदलतो, हळूहळू. दीनमध्ये नव्याने आलेल्या माणसाकडून एका रात्रीत सगळं सोडण्याची अपेक्षा करणारे आपण, स्वतः तीस-तीस वर्षं एकेक सवय सोडू शकत नाही.

आणि याच चार वर्षांच्या मध्यावर तो फोटो आला.

त्या फोटोची वेळही बघण्यासारखी आहे. 2009 च्या जूनपासून फ्रान्सच्या संसदेची एक समिती बुरख्याच्या प्रश्नावर सुनावण्या घेत होती. पुढच्या वर्षी चेहरा झाकण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. मेलानीचा चेहरा उघडाच होता, पण वातावरण तापलेलं होतं आणि त्यात हा फोटो म्हणजे आगीत तेल. नवऱ्यानेच तिला हे करायला लावलं असणार, असा तर्क लगेच निघाला. खरं म्हणजे तिने इस्लाम स्वीकारला तो लग्नाआधी. पण स्वतःच्या डोक्याने चालते म्हणून जिची काल वाहवा केली, तिने स्वतःच्याच डोक्याने हिजाब घेतला असेल हे मात्र कुणाला पटेना.

गंमत अशी की खासगी आयुष्याला संरक्षण देणाऱ्या देशांत फ्रान्सचं नाव वरचं आहे. तिथल्या दिवाणी कायद्याच्या नवव्या कलमात प्रत्येकाच्या खासगी आयुष्याचा आदर राखला जावा असं स्पष्ट लिहिलं आहे. 1970 सालापासून ते लागू आहे. साप्ताहिकांवर त्याखाली खटले होतात, दंडही बसतो. तरी फोटो छापलेच जातात, कारण दंड भरूनही धंदा परवडतो. कायदा फोटो छापून आल्यावर येतो. त्या आधी जे काही अडवायचं ते माणसाच्या हयेनेच अडवायला हवं.

बाईने मंचावर हजारो लोकांसमोर गायलं, तेव्हा तिला फोटोचं वावडं नव्हतं, मग आता का? हा प्रश्न तिच्या टीकाकारांनी विचारला, आणि आपल्यातलेही विचारतील. मला तो प्रश्नच मुळात उलटा वाटतो. बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना बसवलं म्हणून ते आतल्या खोलीतही येऊ शकतात, असं कोण म्हणेल? मंच ही तिची बैठकीची खोली होती. मशिदीतून निघताना ती अल्लाहशी बोलून आलेली एक बाई होती. कुठलं दार उघडायचं आणि कुठलं लावून घ्यायचं, हे त्या घरात राहणाऱ्याने ठरवायचं असतं.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात सलाम केल्याशिवाय आणि परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नका असा हुकूम आहे. इतकंच नाही, फजरच्या आधी, दुपारच्या आरामाच्या वेळी आणि इशानंतर, या तीन वेळांना घरातल्या लहान मुलांनीही विचारूनच आत यावं असं सांगितलं आहे. म्हणजे पोटच्या लेकराच्या येण्यालाही मर्यादा घातली. सूरह हुजुरातमध्ये तजस्सुसला, दुसऱ्याच्या पाळतीवर राहायला, मनाई आहे. सातव्या शतकातल्या घरांच्या भिंती त्या हुकमांना पुरत होत्या. आता भिंतीच्या आत कॅमेरा आपणच घेऊन बसलो आहोत.

दुसऱ्या एका गायकाची गोष्ट

मेलानीची हकीकत वाचताना युसूफ इस्लाम आठवल्यावाचून राहत नाहीत. कॅट स्टीव्हन्स या नावाने ते जगभर गाजले. योगायोग बघा, त्यांचेही वडील सायप्रसचे, त्यांचाही जन्म जुलैचा, 1948 चा. लंडनच्या नाटक-सिनेमांच्या भागात आई-वडिलांचं हॉटेल होतं, त्याच्याच वरच्या मजल्यावर ते वाढले. अठरा वर्षांच्या आसपास पहिलं यश, आणि लगेच एकोणिसाव्या वर्षी क्षयरोग. कित्येक महिने अंथरुणात काढावे लागले. टाळ्या थांबल्यावर माणूस स्वतःशी काय बोलतो ते त्यांना तिथेच कळलं. पुढे पुन्हा जगभर कीर्ती झाली. अमेरिकेत मालिबूच्या समुद्रात बुडता बुडता वाचले, त्या क्षणी अल्लाहला हाक मारली, अशी त्यांची प्रसिद्ध आठवण आहे. भावाने जेरुसलेमहून येताना कुरआनचा अनुवाद आणून दिला. 1977 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला, 1979 मध्ये शेवटचा कार्यक्रम केला, गिटारी विकून पैसा सत्कार्याला दिला आणि 1983 मध्ये लंडनमध्ये मुलांसाठी शाळा काढली. शिक्षिका म्हणून मला त्यांच्या साऱ्या अल्बमांपेक्षा ती शाळा मोठी वाटते.

पण प्रसिद्धीने त्यांना सोडलं का? नाही. आधी गायक म्हणून लोक मागे लागायचे, आता मुसलमान म्हणून लागू लागले. दीनमध्ये येऊन जेमतेम अकरा-बारा वर्षं झालेल्या माणसाला जगातल्या प्रत्येक वादावर आलिमसारखं मत विचारलं जाऊ लागलं. 1989 मध्ये सलमान रश्दींच्या कादंबरीच्या प्रकरणात एका कॉलेजात त्यांना प्रश्न विचारला गेला, त्यांच्या उत्तरावरून मोठा गदारोळ झाला, रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली. आपण कुणाच्या हत्येचं आवाहन केलेलं नाही, असा खुलासा त्यांना त्यानंतर किती वेळा करावा लागला याची गणती नाही.

जवळजवळ पंचवीस वर्षांनी त्यांच्या मुलाने घरात एक गिटार आणली. एके दिवशी सकाळी त्यांनी ती उचलली आणि बोटांना सगळं आठवलं. 2006 मध्ये त्यांचा नवा अल्बम आला. काही मुसलमान यावर नाराज झाले, काही खूश झाले. संगीताच्या मसल्यावर आलिमांची मतं वेगवेगळी आहेत, आणि तो निकाल देणं माझं काम नाही. मला एवढंच दिसतं की ते परतले आणि मेलानी परतली नाही, आणि दोघांनीही आपापला निर्णय स्वतः घेतला. एकाच्या उदाहरणाने दुसऱ्याला मारणं बंद करायला हवं. "बघा, तिने सोडलं, यांना मोह सुटेना" अशी तुलना मी एका चांगल्या शिकलेल्या बाईंच्या तोंडून ऐकली आहे.

आपल्या हातातला कॅमेरा

फ्रेंच साप्ताहिकाला नावं ठेवून झाली, आता आपल्याकडे बघू. मेलानीचा तो फोटो जगभर कुणी पसरवला? 'पॅरिस मॅच'ने छापला हे खरं. पण जो फोटो तिच्या मर्जीविरुद्ध काढला गेला, तोच आपण 'माशाअल्लाह' लिहून पुढे पाठवला. त्याहून वाईट म्हणजे, एका बाजूला तिचा जुना, डोकं उघडं असलेला फोटो आणि दुसऱ्या बाजूला हिजाबातला, असे जोडफोटो. 'आधी' आणि 'नंतर'. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातीत असतात तसे! तिने जे झाकलं तेच उघडं करून आपण तिच्या झाकण्याचं कौतुक करतो, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

'दंगल'मध्ये काम केलेली झायरा वसीम आठवते ना? 2019 मध्ये तिने सिनेमा सोडला. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये तिने चाहत्यांना विनंती केली की माझे जुने फोटो तुमच्या पानांवरून काढून टाका. किती साधी विनंती. पण एकदा जगात पसरलेला फोटो परत गोळा करता येत नाही, उधळलेल्या पिठासारखं आहे ते. आणि तिची ती विनंती छापणाऱ्या बातम्यांना जोडलेला फोटो कुणाचा होता? तिचाच, जुना.

आणि ही गोष्ट फक्त नामवंतांची नाही. गेल्या वर्षी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका तरुण मुलीचा फोटो फिरत आला. 'या बहिणीने इस्लाम कबूल केला, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा.' खाली तिचं गाव, तिचं कॉलेज, सगळं. त्या मुलीने घरी सांगितलं होतं का? फोटो टाकायला तिला कुणी विचारलं होतं का? आजच्या वातावरणात तिच्यावर काय ओढवू शकतं? मी पाठवणाऱ्या खालाजानना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, मी तर सवाबच्या नियतीने पाठवलं." नियतीवर माझा शक नव्हताच. त्यांनी तो काढून टाकला. तोवर तो आणखी सात-आठ ग्रुपांवर गेला होता.

निकाहच्या स्टेजवरची नवरी, बाळंतिणीच्या खोलीतलं तासाभराचं बाळ, दवाखान्यात नाकात नळी असलेले अब्बा, उमऱ्याच्या तवाफमधले अश्रू, सगळं स्टेटसवर. मेलानीला हे फुकट मिळालं नव्हतं. तिला त्याचे पैसे आणि पुरस्कार मिळत होते आणि तरीही ते तिला सोसलं नाही. आपण तर ते काही न मिळवता उधळतो आहोत.

2015 मध्ये पॅरिसमधल्या 'शार्ली एब्दो'वरच्या हल्ल्यानंतर तिचं दुसरं पुस्तक आलं. नावातच तिने सांगितलं आहे की मी मेलानी आहे, फ्रेंच आहे आणि मुसलमान आहे. निष्पापांच्या खुनाचा धर्माशी संबंध नाही हे तिने ठणकावून लिहिलं. त्यानंतर पुन्हा बरीच वर्षं शांतता. आफ्रिकेतल्या अनाथ मुलांसाठी तिने 2009 मध्येच एक संस्था काढली होती, ते काम, आणि घर, नवरा, मुलं. 2022 मध्ये 'सालाम' नावाचा माहितीपट कान महोत्सवात दाखवला गेला, मेलानीचीच हकीकत सांगणारा. दिग्दर्शकांमध्ये तिचं स्वतःचं नाव आहे. म्हणजे या वेळी कॅमेरा कुठे ठेवायचा आणि कधी बंद करायचा हे तीही ठरवत होती. कॅमेऱ्याशी तिचं वैर नव्हतंच, तिला हवा होता तो विचारून आत येणारा कॅमेरा.

आमच्या शाळेत नववीत एक मुलगी आहे, मेंदी फार सुरेख काढते. तिने मेंदी काढतानाचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. त्यात फक्त हात दिसत होते. काही हजार लोकांनी पाहिला आणि खाली एकच मागणी सुरू झाली, चेहरा दाखव, चेहरा दाखव. एकाने तर शाळेचं नाव विचारलं. पोरगी घाबरली आणि हुरळलीही, दोन्ही एकदम. मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, दाखवला तर पाहणारे लाखावर जातील." मी तिला मेलानीची गोष्ट सांगितली, मंचावरची आणि हॉटेलच्या खोलीतलीही. मोबाइल बंद कर असं म्हणाले नाही. म्हटलं, घरी अम्मीशी बोल आणि तुझं तू ठरव. परवा तिचा नवा व्हिडिओ आला, ईदची मेंदी. त्यात हातच आहेत, आणि खाली लिहिण्याची सोय तिने बंद करून टाकली आहे.